विठाबाईची छत्री

श्रावणात अळंबी काढायला निघाली की विठाबाई छत्री घ्यायची. आभाळात ढग नसला तरी.

"झेंडू तोडताना दिवसभर उन्हात असतीस, तवा नाय लागत छत्री?" तिचा नवरा झुंबर चिडवायचा.

"आज ऊन लय हाय," एवढंच म्हणून ती जायची आणि पदर भरून अळंबी आणायची. जागा मात्र सांगायची नाही. अळंबीची जागा घरच्यांनाही सांगायची नाही, अशी गावाची रीतच होती.

माघात विठाबाई गेली. तिच्याबरोबर जागाही गेली.

या श्रावणात झुंबरने सगळे बांध पालथे घातले. तिच्या हातची भाजी आता मिळणार नव्हती, निदान तिच्या जागेवरची तरी खावी, एवढीच त्याची इच्छा होती.

सून शुभांगी शिक्षिका. ती म्हणाली, "आबा, रानातली अळंबी आता कमीच झालीय. वटवाघळांसारखी. वटवाघूळ कुणाला आवडत नाही म्हणून कमी झालं, अळंबी सगळ्यांना फार आवडते म्हणून."

"वटवाघळांचं नको सांगू. उद्या चिंच पाडतोय आम्ही."

चिंच शेजारच्या नाथाच्या आणि झुंबरच्या सामायिक बांधावर होती. वटवाघळं तिथं लटकायची, नाथाचे पेरू खायची. खाली इतकी घाण, की कुणी फिरकत नसे.

सकाळी झुंबर झाडाखाली जाऊन उभा राहिला, तोच टोपीवर पचकन पडलं. मग खांद्यावर. शिवी द्यायला त्याने वर पाहिलं. फांदोफांदी वटवाघळं लटकली होती.

म्हणून ती छत्री!

तो खोडामागच्या झुडपात शिरला. वारुळाला लागून पांढरीशुभ्र अळंबी उभी होती. झुंबर एकटाच हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले.

"दादा, सरका. करवतवाला आलाय," नाथाने हाक मारली.

झुंबर घाईने बाहेर आला. "चिंच तोडायची नाय."

"का? काल तर हो म्हणलात!"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. "वटवाघळं कमी झालीत रे. बिचारी गरीब असत्यात."

"टोपी बघा, काय केलंय गरिबांनी!"

"करू दे. तुझ्या पेरूंवर जाळी मी टाकून देतो."

नाथाने कपाळावर हात मारला आणि करवतवाल्याला चहाला नेलं.

दुपारी शुभांगीने भाजी चाखली. "आबा, कुठं सापडली?" मग तिचं लक्ष अंगणात गेलं. सासूबाईंची छत्री धुऊन वाळत घातली होती. "पाऊस नव्हता, मग छत्री कशाला नेली?"

झुंबरने भाकरी मोडली.

"आज ऊन लय होतं."