टिकाऊ

आमच्या बाबांच्या तोंडी कौतुकाचा शब्द एकच: टिकाऊ. ते खुर्च्या बनवतात, त्यामुळे बूट, जावई, शेजाऱ्यांचा खोकला, सगळं त्याच मापाने मोजतात. एकदा मावशीने थट्टेत विचारलं, "भाऊजी, इतक्या वर्षांनी आमची ताई कशी वाटते?" तर हे म्हणाले, "एकदम टिकाऊ!"

सगळे हसले, आई सोडून. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती मावशीकडे निघाली. "मी काय खुर्ची आहे? राहा म्हणावं त्या लाडक्या खुर्चीबरोबरच," एवढंच मला म्हणाली.

"येईल चार दिवसांत," बाबा म्हणाले. महिना होत आला, तरी आई फोनवर माझ्याशीच बोलायची. ती आता येतच नाही की काय, असं मला वाटायला लागलं. बाबा मात्र त्यांच्या पहिल्यावहिल्या खुर्चीवर ठाण मांडून. दुकानातल्या गिऱ्हाइकाला घरात ओढून आणत आणि ती दाखवत, "लग्नाच्या वर्षी केली. आजवर हात लावावा लागला नाही!"

एका सकाळी तीच खुर्ची डुगडुगली आणि चहा बाबांच्या मांडीवर सांडला. मला हसू आवरेना. त्यांनी चिडून खुर्ची उलटी केली.

सांध्यासांध्यात काड्यापेटीच्या काड्या पाचरीसारख्या ठोकलेल्या. एका पायाला माझ्या लहानपणच्या फ्रॉकची चिंधी गुंडाळून वर दोरा आवळलेला. दोऱ्याची गाठ सुटली होती.

बाबा कानापर्यंत लाल झाले. "कधी करायची ही हे?"

"तुम्ही दुकानात असताना," मी ठोकून दिलं. मला तरी कुठे माहीत होतं? पण घरात दुसरं कोण करणार!

बाबांनी सुटलेल्या दोऱ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग उठले, खुर्ची खांद्यावर घेतली आणि मावशीचा जिना चढले. मीही मागोमाग गेले. दार आईनेच उघडलं. तिने आधी खुर्चीकडे पाहिलं.

"काय झालं? टिकाऊ आहे ना?"

"मला तसं वाटायचं," बाबा हळूच म्हणाले. "गाठ सुटलीय. कशी मारायची ते शिकव मला."

आई बाजूला सरली. "या आत. दोरा घट्ट धरा. दर महिन्याला सुटते ती."

"दर महिन्याला?"

"मग! तुम्हाला काय वाटलं?"