वाळू टाकलेलं चित्र

मिल बंद होऊन चौदा महिने झाले होते, तेव्हा आनंदरावांना बडा गणपतीच्या चौकात काम मिळालं. काम अक्षरांचं होतं. एका नव्या स्कूटर कंपनीला पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेची जाहिरात करायची होती. चौकातल्या चार भिंतींवर ‘पहले पैदल को जाने दें’ ही ओळ आनंदरावांनी लिहायची, आणि रस्त्यावरचं चित्र पुण्याहून आलेल्या यतीनने काढायचं.

पाळी सुटून मिलबाहेर पडणारी माणसं, आणि त्यांच्या लांब पांढऱ्या सावल्या हेच रस्ता ओलांडायचे पट्टे, असं चित्र होतं. यतीनने मिल आतून कधी पाहिली नव्हती. आनंदरावांनी बावीस वर्षं तिथल्या विणाई खात्यात पट्टे, आकडे आणि सूचना रंगवल्या होत्या. त्या बघायला कधी कोणी थांबलं नव्हतं. इथे लोक सायकली उभ्या करून बघत होते. आनंदरावांची बायको मंजुळाबाई डबा घेऊन आल्या आणि भिंतीकडे न बघता रस्त्याकडे वळल्या.

“अहो, हा तर आपला मिलमधला रामभाऊ! चाल बघा ना, बिलकुल तसाच.”

“डबा ठेव तिकडे,” आनंदराव म्हणाले.

यतीन चकचकीत ऑइल पेंट वापरतोय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. विणाई खात्याची फरशी कायम ओलसर असे. म्हणून तिथे पट्टा रंगवला की रंग ओला असतानाच वर चाळलेली वाळू भुरभुरत. नाहीतर माणूस घसरून थेट चालू मागावर पडे. यतीनला हे माहीत नव्हतं. त्याने विचारलं नाही, आनंदरावांनी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चित्र वाळलं. यतीनने उद्याचा कार्यक्रम सांगितला. दहा वाजता उद्घाटन, आधी टँकरने रस्ता धुणार, मग शाळेच्या मुली चित्रावरून चालणार.

आनंदरावांनी ब्रश खाली ठेवला.

“यतीनजी, याच्यावर वॉर्निश मारून वाळू टाकावी लागेल. ओल्यात पाय टिकणार नाही.”

“वाळू? काका, सगळे चेहरे मळकट होतील.”

“होतील.”

“तुमच्या अक्षरांवर पण टाकायची का?” यतीन हसला.

आनंदरावांनी बादलीभर पाणी चित्रावर ओतलं. “चला.”

यतीन दोन पावलं चालला आणि तिसऱ्याला कोपरावर आपटला. पानवाला मोहन गल्ल्यावरून ओरडला, “अरे भिया, संभल के!”

यतीन उठला. कोपरातून रक्त येत होतं. “चार दिवस माझ्या शेजारी होतात तुम्ही. आधी का नाही सांगितलंत?”

“वाळू आणतो,” आनंदराव म्हणाले.

रस्ता सुकल्यावर यतीन वॉर्निश मारत पुढे सरकला आणि आनंदराव मागून चाळणी हलवत गेले. चेहरे एकेक करून फिके पडले. हे बघून आपल्याला बरं वाटेल, असं आनंदरावांना वाटलं होतं. थोडं वाटलंही.

संध्याकाळी मोहन चार गिऱ्हाइकांना घेऊन कडेला उभा राहिला. “अच्छा-भला चित्र था, भिया. किसने बिगाड़ दिया?”

त्याची नजर चाळणीवर होती. आनंदरावांनी मान खाली घातली.

“मैंने,” यतीन म्हणाला. “गलती मेरी थी. रेत पहले ही डालनी थी.”

“बंदा सच्चा है,” मोहन गिऱ्हाइकांना म्हणाला.

हे कौतुकही यानेच नेलं, असं आनंदरावांच्या मनात आलं. शेवटची सावली उरली होती. तिच्यावर त्यांनी हवी होती त्याहून जास्त वाळू टाकली.