मधाच्या बरणीतली मेणबत्ती

"हात लावू नकोस, एव्दोकिये. पाहायचं असेल तर डोळ्यांनी पाहा."

माझा नवरा मेतोदी हे वाक्य मला एकतीस वर्षं ऐकवत आला. घराच्या तळघरात त्याची कार्यशाळा होती. तिथल्या लाकडी घोड्यांवर बर्फाच्या शर्यतीच्या फळ्या पालथ्या घातलेल्या असायच्या. जग त्यांना स्नोबोर्ड म्हणतं, आमच्या गोर्नो लिपोवो गावात फळीच म्हणतात. फळीचा तळ काळाभोर आणि इतका गुळगुळीत, की मी कॉफी घेऊन खाली गेले की बोट आपसूक तिकडे वळायचं. तो मान वर न करता बोलायचा. बोटाचं तेल लागलं तरी फळी अडखळते, असं त्याचं म्हणणं.

"माझ्या बोटाला तेल कुठून येणार? आज बुधवार आहे," मी म्हणायचे. बुधवारी आणि शुक्रवारी माझा उपास असतो, तेलही वर्ज्य.

"तुझा उपास देवाला माहीत आहे, एव्दोकिये. बर्फाला नाही."

मेतोदीला जाऊन तीन वर्षं झाली. घोड्यांवर आता एकाच मुलीच्या फळ्या असतात, नेव्यानाच्या.

नेव्यानाला मी जन्म दिलेला नाही. ती अकरा वर्षांची असताना तिची आई इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली आणि डॅन्यूबकाठच्या सपाट गावातली ही पोर आमच्याकडे राहायला आली. मेतोदीच्या लांबच्या नात्यातली. बसमधून उतरून तिनं आमचा डोंगर पाहिला आणि विचारलं, "मावशी, इथली जमीन अशी तिरकी का?" पुढच्या रविवारी मेतोदीनं तिला फळीवर उभं केलं. ती पडली, उठली, पुन्हा पडली. संध्याकाळी तिचे मोजे चुलीपाशी वाळत घालताना मी म्हटलं, "आता पुरे ना?" तर म्हणते, "वरून खाली येईपर्यंत एकदा तरी न पडता यायचंय." ते एकदा अजून संपलेलं नाही. आज ती बत्तीस वर्षांची आहे आणि पंधरा वर्षं हाच तिचा व्यवसाय. वर्षातले सात महिने परदेशात. जपानहून फोन करते, ऑस्ट्रियाहून करते आणि पहिला प्रश्न एकच, "मावशी, दिवा लावलास?"

ती स्वतः लावत नाही. "तू लावतेस तेवढा आपल्या दोघींना पुरतो," म्हणते.

दोन वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा फाटला. शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून मी रोज पहाटे पाचला संतांच्या तसबिरीपुढं दिवा लावून तिच्या नावानं चाळीस नमस्कार घालते. माझेही गुडघे काही तरुण नाहीत, पण तिचा वाकायला लागला तसे माझेही वाकू लागले, असं मला वाटतं. वाटू द्यावं.

पुढच्या हिवाळ्यात ऑलिंपिक. नेव्याना तिथं कधीच पोहोचली नाही. दोनदा निवडीच्या शर्यतीतच पडली आणि मग हा गुडघा. निवड समितीनं यंदा स्पष्ट सांगितलं होतं: फेब्रुवारीत आपल्याच डोंगरावर जी शर्यत आहे, तिच्यात पहिल्या सोळांत आलीस तर चमूत राहशील, नाहीतर जागा त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. नेव्यानाही म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मग मी गावातल्या मुलींना फळी शिकवीन, ते तर करायचंच आहे. पण आधी एकदा तिथं वर उभं राहायचंय, मावशी. मेतोदीकाकांनी तयार केल्यासारख्या फळीवर."

मेतोदीनं जाण्याआधी तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. श्वास पुरत नव्हता, तरी हसत होता. "ऑलिंपिकचं ठरलं ना, की दुसऱ्या दिवशी संत इलियाच्या देवळीपर्यंत चालत जा. तारेवरच्या लिफ्टनं नाही, पायानं. फळी पाठीवर घे. या डोंगरावरून आपण आयुष्यभर नुसते खाली येतोय. एकदा वर चढून डोंगराला, बरं वाटलं, म्हणून सांगून ये. आणि एक मेणबत्ती लाव."

"मी? मेणबत्ती?"

"तू. तुझ्या मावशीला सांगितलं तर ती रोज चढेल."

शर्यत शनिवारी होती. त्याच्या दोन दिवस आधी संत हारालांबीचा सण. मधमाशा पाळणाऱ्यांचा हा संत. त्या दिवशी आम्ही बायका गोल पाव भाजून मध लावून शेजारी वाटतो आणि मधाची बरणी देवळात नेतो. बरणीत मधाच्याच मेणाची मेणबत्ती उभी करायची, पेटवायची, पाद्री आशीर्वाद देतात. तो मध वर्षभर औषध म्हणून पुरवायचा. मी बरणी घरी आणली, तसबिरीखालच्या फळकुटावर ठेवली. मेणबत्ती अर्धी उरली होती.

शनिवारी पहाटे नमस्कार झाले आणि माझी नजर त्या मेणबत्तीवर गेली. माझे आजोबा घसरगाडीच्या पट्ट्यांना देवळातल्या मेणबत्तीचं टोक घासायचे. गाडी कशी सुटायची ते मला अजून आठवतं. मनात आलं, तळघरात फळी तयार आहे, आशीर्वादाचं मेण आहे, गुडघा अजून पुरता बरा नाही. मी ती घेऊन खाली गेले. फळीवरचं कापड काढलं. टोकाशी, मध्ये आणि शेपटीशी, असे बोटाएवढे तीन क्रूस काढले. मग ते पांढरट दिसायला लागले. राद्कोनं पाहिले तर पुसून टाकेल म्हणून अंगठ्यानं पसरवले. पसरवले तर कुठं जाड, कुठं पातळ, म्हणून पुन्हा मेण घासलं. कापड घातलं, वर येऊन मेणबत्ती परत बरणीत रोवली आणि चहा ठेवला. मन अगदी हलकं होतं.

राद्को म्हणजे मेतोदीचा दोस्त. पूर्वी बूट शिवायचा, आता नेव्यानाच्या फळ्यांना धार लावतो, मेण लावतो. त्याचं काम आदल्या संध्याकाळीच संपलं होतं. सहाला येऊन त्यानं कापडासकट फळी पिशवीत घातली.

शर्यत अशी असते. डोंगरावर दोन वाटा शेजारीशेजारी, एक लाल झेंड्यांची, एक निळ्या. प्रत्येकीनं एकदा या वाटेनं यायचं, एकदा त्या. दोन्ही वेळा मिळवून पहिल्या सोळा जणी पुढं जातात आणि मग दोघी दोघींची टक्कर. मी खाली जाळीपाशी थर्मास घेऊन उभी होते. थंडी उणे चौदा. नेव्याना सुटली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. वरची वळणं सुंदर घेतली तिनं. पण मधला सपाट पट्टा आला आणि ती जणू रुतलीच. इतर मुली तिथून सूं करून जात होत्या आणि माझी पोर खांदे पुढं टाकून फळीला ओढत होती. फलकावर आकडा आला, सव्विसावी.

फळ्यांना मेण लावायच्या तंबूत मी गेले तेव्हा राद्को खोक्यावर बसला होता.

"माझंच चुकलं," तो म्हणत होता. "थंडीचा अंदाज चुकला. भलतंच मेण लावलं मी. म्हातारा झालो, नेव्याना. दुसरा माणूस बघ."

"काका, दुसरा माणूस पाऊण तासात कुठून आणू? इस्त्री तापवा."

"तीन वर्षांत असं झालं नाही. मेतोदी असता तर त्यानं मला हाकललं असतं."

त्यानं इस्त्री उचलली आणि परत ठेवली. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण जे मी पहाटे केलं ते या माणसाच्या डोक्यावर टाकून उद्या पुन्हा देवापुढं कशी उभी राहणार होते?

"राद्को, तुमचं नाही चुकलं," मी म्हटलं. "तळाला मी मेणबत्ती लावली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"कसली मेणबत्ती, वहिनी?"

"हारालांबीची. मधाच्या बरणीतली."

"कुठं लावली?"

"आधी नुसते तीन क्रूस काढले. मग ते दिसायला लागले म्हणून पसरवले."

"कशानं?"

"अंगठ्यानं."

राद्कोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "मधाचं मेण बर्फाला चिकटतं, वहिनी. मेतोदी तळघराला कुलूप का घालायचा ते आज कळलं."

नेव्याना हसली नाही. तिचा चेहरा थंडीनं लाल होता आणि ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, एकवीस वर्षांचं सगळं आता तिच्या तोंडून निघणार. ती माझ्याजवळ आली.

"मावशी, जास्त कुठं घासलंस? पुढं की मागं?"

"मागं. पुढं हात नीट पोचत नव्हता."

"तरीच. वळणातून निघताना मागून कुणी जाकीट धरल्यासारखं होत होतं." मग हळूच म्हणाली, "मी रागावले आहे. पण ते संध्याकाळी. आत्ता वेळ नाही. हातमोजे घाल आणि शेपूट धर."

"मी? हात लावू?"

"घट्ट धर. राद्कोकाकांचा हात हलतोय."

मी फळीची शेपूट धरली. राद्कोनं तळावरून गरम इस्त्री फिरवली आणि तंबूभर मधाचा वास सुटला. मेण वितळायचं, तो पट्टीनं खरवडून काढायचा, पुसायचा, पुन्हा इस्त्री. शेजारच्या तंबूतला ऑस्ट्रियाचा मेणवाला नाक वर करून डोकावून गेला.

"बघा, वहिनी," राद्को म्हणाला, "त्याला वाटतंय आपल्याला काहीतरी नवं गुपित सापडलंय. उद्या सगळे मध लावून येतील."

"मग तर आपण नक्की जिंकू," नेव्याना म्हणाली. तेव्हा मात्र तिघंही हसलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी हातमोज्यानं पुसलं. मोजा मेणकट होता. पापण्या चिकटल्या.

शेवटचा ब्रश मारून होईतो तिचा पुकारा झाला. फळी उचलताना तिनं कपाळ क्षणभर माझ्या कपाळाला टेकवलं, लहानपणी ताप आहे का ते मी पाहायचे तसं, आणि गेली.

दुसऱ्या फेरीतली ती उतरण मी शब्दांत काय सांगणार. गुडघा जिथं सांभाळायचा तिथं सांभाळला, बाकी कुठंच सांभाळून आली नाही. सपाट पट्ट्यावर फळीचा आवाजही आला नाही. त्या फेरीत तिचा क्रमांक तिसरा लागला. मग दोन्ही वेळांची बेरीज व्हायची होती आणि तिच्यामागून अजून सात जणी उतरायच्या होत्या. दर मुलीगणिक तिचं नाव फलकावर एकेक ओळ खाली सरकत होतं. राद्को फलकाकडं पाठ करून उभा होता आणि मला विचारत होता, "कितवी? आता कितवी?"

"चौदावी. पंधरावी. सोळावी."

"अजून किती राहिल्यात?"

"एक."

ती एक उतरली आणि सतरावी ठरली, चार शतांश सेकंदांनी. मी त्या मुलीला ओळखत नाही, पण त्या रात्री दिव्यापुढं तिचंही नाव घेतलं. तिलाही कुणी मावशी असेल.

सोळावीची गाठ पहिलीशी पडते, तसा नियमच आहे. वाट निवडायचा मान पहिलीचा. जर्मनीच्या त्या बाईनं लाल वाट घेतली आणि नेव्यानाला हरवलं, अगदी सरळ. नेव्याना शेवटी बर्फावर पाठ टेकून आकाशाकडं पाहत पडून राहिली. मी घाबरून जाळीपाशी गेले, तर ती हसत होती. निवड समितीची बाई तिच्याशी हात मिळवून, कागदावर तिचं नाव लिहून गेली.

एका पत्रकारानं विचारलं, पहिल्या फेरीत काय झालं होतं? ती म्हणाली, "तळ बिघडला होता. आम्ही साफ केला." आम्ही म्हणाली ती.

संध्याकाळी मी बटाट्याची पोळी केली होती. राद्को दोन ताटं जेवून घरी गेला. नेव्याना हारालांबीच्या पावाला मध लावून खात बसली. मी वाट पाहत होते.

"रागावायचं राहिलंय तुझं," शेवटी मीच आठवण केली.

"हो ना. कुठं ठेवलाय सापडत नाही." तिनं बोट चाटलं. "मावशी, दोन वर्षांपूर्वी पलंगावर पडून होते तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चाललीस तरी पुष्कळ. तू रोज पाचला उठत होतीस. मला ऐकू यायचं वरून. तुझे गुडघे कटकट वाजतात."

"झोपमोड होत होती का तुझी?"

"होत होती," ती म्हणाली. "बरं वाटायचं."

मी ताटं उचलली. याहून जास्त आभार आमच्या घरात कुणी मानत नाही.

रविवारी पाचला उठून मी तसबिरीपुढं गेले. दिवा लावला. फळकुटावर हारालांबीची बरणी होती. मधात मेणबत्तीचा खळगा तेवढा राहिला होता, मेणबत्ती नव्हती. दाराजवळ नेव्यानाचे बूट नव्हते.

खिडकीवरचं दव पुसून पाहिलं. अजून उजाडायचं होतं, पण बर्फाच्या उजेडात दिसत होतं. लिफ्टच्या तारा रिकाम्या लोंबत होत्या. त्यांच्या खालून, जिथं वाट नाही तिथून, पाठीला फळी बांधून ती संत इलियाच्या दिशेनं वर निघाली होती. डावा पाय जपून टाकत होती आणि एका हातमोज्याची मूठ छातीशी धरली होती, मेणबत्ती मोडू नये म्हणून.

मी हाक मारली नाही. जमिनीवर घडी घातलेली सतरंजी पसरली आणि पहिल्या नमस्कारासाठी वाकले.