लाल मुठीवरचा हात

दादाने आयुष्यभर एकच मंत्र घोकला आणि बहिणीकडूनही घोकून घेतला: उड्डाणाआधी लाल मूठ पूर्ण आत. ती मूठ मिक्श्चरची, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची. आत ढकलली की इंजिनाला पेट्रोल जास्त, बाहेर ओढली की कमी. समुद्रकाठच्या त्यांच्या धावपट्टीवर हा मंत्र बिनचूक चालायचा. पण आजची धावपट्टी होती डोंगरमाथ्यावर, त्यात भर दुपारचं ऊन. हवा अगदी पातळ. अशा हवेत पेट्रोल ओतत बसलं तर इंजिन गुदमरतं, चुलीत लाकडं कोंबल्यावर नुसता धूर व्हावा तसं.

धाकट्या बहिणीला, म्हणजे चिमणीला, हे पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी दादाचं उडणं बंद केल्यापासून विमान तीच चालवायची. दादा शेजारी बसायचा, हात मांडीवर, तोंड मात्र चालू. मागे वहिनी, सामानाची पिशवी पोटाशी धरून. चिमणीने ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिलं आणि लाल मूठ हळूहळू बाहेर ओढली. इंजिनाचे फेरे वाढत गेले, वाढायचे थांबले, तशी तिने मूठ जराशी आत सरकवली. इंजिन खणखणीत बोलत होतं. तिने ब्रेक सोडले.

तिची नजर पुढे लागली आणि नेमका तेव्हाच दादाच्या हाताने घात केला. मूठ बाहेर दिसली, त्याने सवयीने पार आत ढकलली. पोरगी विसरली बिचारी, असं वाटलं असणार! आता काय म्हणावं या माणसाला?

विमान धावत होतं, पण अंगात जीवच नाही. इंजिन खोकायला लागलं. वेग चढेना. थांबावं तर तेवढी जागा उरली नव्हती. समोर दगडी बांध, पलीकडे दरी. तिने खाली पाहिलं. मूठ आत!

तिने ती ओढायला घेतली.

“वेडी झालीस का? बंद पडेल ना!” दादाने तिचं मनगट गच्च धरलं.

“हात सोड!”

“अगं, आत ढकल आधी—”

“दादा, मरू आपण! सोड म्हणते ना!”

जन्मात ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. त्याची बोटं सैल पडली. तिने कान इंजिनाकडे लावून मूठ बाहेर घेतली. खोकला थांबला, इंजिनाने जोर धरला. बांध अंगावर येत होता. विमान आत्ताच उचलावं? नको, अजून नको. चाकं सुटली ती अगदी बांधाच्या तोंडाशी. दरीवर विमान जरासं खचलं, मग सावकाश चढू लागलं.

दादाच्या गळ्यात पडून रडावं की त्याच्या एक कानफटात द्यावी, चिमणीला कळेना.

“अहो,” आत्ता कुठे हेडफोन चढवलेल्या वहिनीचा आवाज आला, “कसला आरडाओरडा चालला होता मघाशी? भावाबहिणीचं एक दिवस तरी पटू दे!”

दादाने घसा खाकरला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “तिचं बरोबर होतं. मी मधे हात घातला.”

वहिनीच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“अगं बाई! म्हणजे आपण मरतच होतो की काय?”