दलेंदाची लोकर

"याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. हा प्रश्न बाजूला ठेवू या," म्हणत डॉक्टर सिहेमनी दलेंदाची चिठ्ठी टेबलाच्या कडेला सरकवली.

दलेंदाने ती परत मधे आणली. "उत्तर असतं तर संशोधन कशाला करायचं, बाई?"

जन्मतःच हृदयात खोट घेऊन मोठे झालेले आम्ही काहीजण ट्युनिशियातल्या सफाक्स शहराच्या इस्पितळात जमलो होतो. संशोधन आधी कशावर व्हावं, हे डॉक्टरांनी या खेपेला आम्हालाच विचारलं होतं. आता प्रश्नांच्या यादीत शेवटची एकच जागा उरली होती आणि चिठ्ठ्या दोन, तिची आणि माझी. माझा प्रश्न फुटबॉल खेळण्याचा. दिवसभर टॅक्सी चालवत बसणाऱ्याला दुसरं काय सुचणार? दलेंदा मिठाईच्या दुकानात खोकी बांधते. तिला जाणून घ्यायचं होतं, आमच्यासारखी माणसं म्हातारी झाली की त्यांच्या हृदयाचं काय होतं?

"इतकं वय फारसं कुणाला मिळालंच नाही आजवर," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"मला मिळतंय की. पन्नाशी आली."

मी माझी चिठ्ठी उचलून खिशात टाकली. मोठेपणा वगैरे काही नाही. पुढे काय होतं, याची मलाही उत्सुकता लागली होती.

तिला घरी सोडताना ती म्हणाली, "वजदी, ही विशी बघणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं माझ्या आईला." आमच्याकडे मुलीच्या लग्नाच्या गादीसाठी आया वर्षानुवर्षं लोकर धुऊन साठवतात. बहिणींच्या गाद्या भरल्या. हिच्यासाठी कुणी लोकर आणलीच नाही. ऐकून मला फार वाईट वाटलं, पण ती हसत होती.

तिची म्हातारी आई दारातच उभी होती. "काय विचारलंस गं त्यांना?"

दलेंदाने सांगितलं. म्हातारी लेकीच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"बाळा, चांगली लोकर कुठे मिळते रे हल्ली?"

"उम्मी, आता कुठलं माझं लग्न?"

"लग्नाचं नाव कुणी काढलं? म्हातारपणी हाडांना मऊ लागतं."

लोकरीची पोती मीच पोचवली. नंतर एकदा त्यांच्या गल्लीतून जाताना वर पाहिलं. गच्चीभर लोकर वाळत होती. दलेंदा ती उलटीपालटी करत होती; दम लागला की बसत होती, आणि पुन्हा उठत होती.