गालावरचा थेंब

चष्मेवाल्यानं हातरुमालाची गाठ सोडली आणि आतलं यंत्र बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. यंत्र म्हणजे काय, तर चष्म्याची बिनकाचेची फ्रेम आणि तिच्या एका घरात बसवलेली, औषधाची बाटली धरणारी नळी. फ्रेम घालायची, मान मागे टाकायची, बाटली दाबायची. थेंब नेमका डोळ्यात.

बाईंनी ते हातात घेतलं. कधीकाळी त्या शाळेत शिवण शिकवत. आता ऐंशी उलटली होती आणि घरात त्या एकट्याच होत्या. बोटं मात्र अजून शिक्षिकेचीच होती. टाका तपासावा तशी ती नळीच्या कडेवरून फिरली.

चष्मेवाला त्या बोटांकडे बघत होता. इतक्या वर्षांत इतक्या काळजीनं कुणी ते हाताळलं नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली एकटीदुकटी म्हातारी माणसं औषध घालून घ्यायला रोज सकाळी त्याच्या दुकानात येत, ओळीनं माना वर करून बसत. त्यांच्यासाठी त्यानं हे केलं. बायको म्हणायची, लोक डोळ्यांत तेल घालून आपला धंदा सांभाळतात, आणि आमचे हे बसलेत दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालत. एका कंपनीनं नमुना ठेवून घेतला, महिनोन्महिने ताकास तूर लागू दिली नाही आणि शेवटी परत पाठवला. मग त्यानं स्वतःच पेटंटसाठी अर्ज केला. तिथंही घोडं अडलं. असंच यंत्र कुणा शिवणशिक्षिकेनं फार पूर्वी नोंदवायला दिलं होतं, असा शेरा आला. तिचा अर्ज पुढे बारगळला होता, पण कल्पना तर जुनीच ठरत होती. त्यावर वकीलबाईंनी तोड काढली. ते जुनं यंत्र कधी चाललंच नाही, असं तिच्याकडून लिहून आणा, म्हणाल्या.

म्हणून तो आला होता. येताना सफरचंदं आणली होती. जिना चढताना त्याच्या मनात आलं होतं, आवळा देऊन कोहळा काढायला निघालोय आपण.

“हा लाल ठिपका कशाला?” बाईंनी विचारलं.

“वर बघायला. नजर त्याच्यावर ठेवली की पापणी मिटत नाही.”

बाईंनी फ्रेम चढवली, मान मागे टाकली आणि छताकडे बघत बराच वेळ तशाच राहिल्या.

“हे मला सुचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग त्यानं विचारलं, तुम्ही तुमचं कसं केलं होतं. बाईंनी सांगितलं. काचबिंदूनं नवऱ्याची नजर जात चालली होती, आणि दुपारच्या औषधाच्या वेळी त्या शाळेत असत. दोऱ्याचं लाकडी रीळ तिरकं कापलं, त्याला डोक्याभोवती बसेल अशी पट्टी शिवली. अर्ज दिला, तर ऑफिसातून आकृत्या मागवल्या, मग आणखी आकृत्या. ते दाखवा बघू, असं काही कुणी म्हणालं नाही. पुढे नवरा गेला आणि तो नाद सुटला.

आता कागद काढणं भाग होतं. बाईंनी तो भिंग लावून सावकाश वाचला.

“चाललं नाही म्हटलं की तुमचं काम होईल?”

“होईल. पण खरं असेल तरच सही करा, बाई.”

त्यांनी पेन मागितलं. औषध डोळ्यात कमी आणि गालावरच जास्त पडायचं, असं म्हणत सही केली. ते रीळ आहे का अजून, असं त्यानं विचारलं, तर पडलं असेल कुठेतरी अडगळीत, म्हणाल्या.

अर्धा जिना उतरल्यावर त्याला वाटलं, हातातलं हे यंत्र बाईंनाच देऊन टाकावं. दुकानात दुसरं होतंच. त्यांनाही काचबिंदू आहे, हे टेबलावरच्या बाटलीवरून त्यानं ओळखलं होतं. तो मागे फिरला.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खिडकीपाशी मान मागे टाकून बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर लाकडी रीळ होतं, हाताळून हाताळून काळं, गुळगुळीत झालेलं. पट्टी मात्र नवी होती, अलीकडेच शिवलेली. त्यांनी बाटली दाबली, रीळ बाजूला केलं आणि डोळा मिटून घेतला.

खिडकीतला उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. चष्मेवाला दारातच थबकला.

“गाल कोरडा आहे, बाई.”

त्या दचकल्या नाहीत. रीळही लपवलं नाही.

“हात बसलाय आता.”

“मग सही का केलीत?”

बाईंनी पट्टी सोडवली आणि रीळ दुसऱ्या बाजूला फिरवून घेतलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “डावा राहिलाय अजून. तिथून नाही दिसायचं, जवळ या.”

त्यानं स्टूल खिडकीजवळ ओढलं. बसताना वरच्या खिशातला कागद दुमडला. तो त्यानं सरळ केला नाही. आपला चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तो पुढे वाकला.