रेघ आणि गळ

मो काय या गावाच्या बाजारात नारळाच्या वड्या विकणाऱ्या बाईला सगळे मा बाय म्हणत. मा म्हणजे आई आणि बाय म्हणजे सात. भावंडांत तिचा नंबर सातवा धरला जाई, म्हणून बाय. तिचं खरं नाव काय ते तिच्या लेकीलाही आठवून सांगावं लागे. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने ठेला बंद केला आणि घरात टांगलेल्या कापडी झोळीत पडून लेकीच्या कामावर नजर ठेवू लागली.

लेक लुआ खोबरेल तेलाचा साबण करी. गवती चहा आणि केवड्याच्या जातीतल्या एका पानाचा रस घालून मिश्रण लाकडी साच्यात ओतायचं, घट्ट झालं की तारेने कापायचं आणि बांबूच्या सुपांवर वाळायला ठेवायचं. गावात तो वर्तमानपत्रात गुंडाळून खपे. पुढे सायगावच्या दोन दुकानांनी मागणी केली, पण माल नीट खोक्यात हवा म्हणाले. लुआने साबणाला आईचं नाव द्यायचं ठरवलं आणि खोक्याचं काम सुनेवर सोपवलं.

सून क्वेन सायगावच्या एका कचेरीत जाहिराती आणि वेष्टनं आखायची. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी सासरी ती पाहुण्यासारखीच वागे. हे काम आलं तेव्हा तिला वाटलं, आता या घरात आपल्यालाही काही करता येईल. मा बायच्या तरुणपणी सायगावच्या पाट्यांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर असत तशी जाडजूड, गोल कोपऱ्यांची, पाठीशी सावली असलेली अक्षरं तिला हवी होती. कुठल्याशा परदेशी माणसाने केलेला तसा एक फॉन्ट तिला सापडला. अक्षरं पाहून वाटावं, हा डबा आजीच्या कपाटातून आत्ताच काढलाय. एकच अडचण होती. त्या माणसाला आमच्या अक्षरांच्या डोक्यावरच्या, सूर दाखवणाऱ्या खुणा माहीत नव्हत्या, त्यामुळे फॉन्टमध्ये त्या नव्हत्याच. क्वेनने त्यांच्यावाचूनच नाव लावलं. लुआने फोनवर चित्र पाहिलं आणि तिची नजरही अक्षरांच्या गोलाईवरच रेंगाळली. तिने होकार दिला.

खोकी बसने आली. जाड तपकिरी पुठ्ठा, त्यावर गडद हिरवी अक्षरं. लुआने एक खोकं दुमडून उभं केलं आणि ओट्यावर ठेवलं, इतक्यात शेजारची सेन मीठ मागायला आली. तिने खोकं उचललं, मोठ्याने वाचलं आणि खांबाला धरून हसत सुटली. 'मा'वर तिरकी रेघ हवी आणि 'बाय'वर मासे धरायच्या गळासारखा छोटा आकडा. दोन्ही काढले की सूर सपाट होतो. मग मा म्हणजे भूत आणि बाय म्हणजे उडणं. सेनने वाचलं ते होतं, भूत उडतंय.

संध्याकाळपर्यंत बर्फवाल्याने लुआला विचारलंही, की उडत्या भुताच्या साबणाने माणूस किती गोरा होतो. लुआ कसनुशी हसली. मा बाय हसली नाही. तिच्या बरोबरीच्या दोन मैत्रिणी त्याच वर्षी गेल्या होत्या. झोळीतून हात पुढे करून तिने खोकं मागून घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"मी अजून दोन वेळा जेवते, रोज तुझ्याशी भांडते," ती म्हणाली. "मला आत्ताच भूत कशाला करता?"

ज्या छपराखाली नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते, त्याखाली हे खोकं राहायचं नाही, असं तिने बजावलं. लुआने सगळे गठ्ठे मागच्या वाळवणीच्या शेडमध्ये नेऊन ठेवले.

मग तिने क्वेनला फोन केला. क्वेनने आधी बाजू मांडली. सायगावात निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर खुणा नसतात, लोक समजून घेतात, जुन्या वळणाला ते शोभतंही. लुआने सगळं ऐकून घेतलं. "पोरी, त्या दुकानांतली माणसं माझ्या घरात झोपत नाहीत," ती म्हणाली, "माझी आई झोपते." फोन ठेवण्याआधी तिनेच सांगितलं, की चूक तुझी एकटीची नाही, होकार मीच दिला होता.

त्यानंतर बरेच दिवस क्वेनचा फोन आला नाही. तिचा नवरा तोआन आईला कळवत राहिला, की ती रोज त्या अक्षरांपाशी बसते. दुसऱ्या फॉन्टच्या खुणा उचलून तिने यांच्यावर बसवून पाहिल्या, पण त्या म्हशीच्या पाठीवर डास बसल्यासारख्या दिसत. लुआला काळजी वाटू लागली. साबण काय, वर्तमानपत्रातही विकता येईल. पण ही मुलगी घरापासून तुटली तर काय करायचं? तिने निरोप धाडला, की जे काही असेल ते घेऊन इकडे ये, इथे बसून बघू.

रविवारी क्वेन आली. मा बायला तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा म्हातारीने डोळे मिटून घेतले. जेवताना नारळपाण्यात शिजवलेल्या मांसाचा तुकडा लुआने सुनेच्या वाडग्यात घातला. तो तिने अर्धाच खाल्ला. सगळी खोकी रद्द करून नवी छापून आणते, असं ती हळूच म्हणाली. लुआला पटेना. इतका चांगला पुठ्ठा चुलीत घालायला तिचा जीव होईना.

"खुणाच हव्यात ना," ती म्हणाली. "त्या आपण हाताने देऊ."

क्वेनने खोकं समोर ठेवून कागदावर खुणा काढायला घेतल्या. अक्षरं वरच्या कडेला भिडली होती, डोक्यावर जागाच नव्हती. मग तिने रेघ अक्षराच्या खांद्यावर टेकवली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती, कोयत्यासारखी. गळाला पोट दिलं आणि त्याचं शेपूट अक्षराच्या उतारावर सोडलं. आता डास दिसेना. लुआने तोआनची जुनी रबरी चप्पल आणली, साबण कोरायच्या सुरीने तळ कापला आणि त्यातून दोन शिक्के कोरले. लाल शाईत बुडवून पहिला उमटवला, तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहायच्याही आधी खोक्याकडेच बघत राहिल्या. हिरव्यावर तो लाल रंग छान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिघी बसल्या. सेन आपणहून आली होती. बाजारभर झालेली चेष्टा तिच्याच तोंडून निघाली होती आणि ते तिला लागून राहिलं होतं. लुआ खोकी पुढे सरकवी, क्वेन रेघ मारी, सेन गळ. सेनच्या भाचीच्या लग्नाची गोष्ट चालू होती आणि ती रंगात आली तशी कधीतरी दोघींच्या हातांतल्या शिक्क्यांची अदलाबदल झाली. बऱ्याच खोक्यांवर 'मा'वर गळ आणि 'बाय'वर रेघ बसली. क्वेनच्या ते आधी लक्षात आलं. गळ डोक्यावर घेतलेल्या 'मा'चा अर्थ थडगं. तिने ती चळत ओढून मांडीखाली सारली, आणि नेमकी तेव्हाच मा बाय काठी टेकत दारात उभी राहिली. आपल्या नावाचं काम आपल्या नजरेआड होतंय, हे तिला घरात बसून सोसवलं नव्हतं.

"काय लपवलंस?" तिने विचारलं.

क्वेनला खोटं बोलता येईना. तिने एक खोकं काढून दिलं. मा बायने ते हाताच्या अंतरावर धरलं, डोळे बारीक केले आणि ओठ हलवत वाचलं.

"आधी भूत केलंत," म्हातारी म्हणाली, "आणि आता थेट थडग्यात. नातसूनबाई, एवढी घाई कसली गं तुला?"

क्वेन रडू लागली. आजी, माफ करा, एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. मा बाय तिच्याकडे बघत राहिली. मग ती एकदम हसायला लागली, सुपारीने काळवंडलेले दात दाखवत, काठीवर डोलत. "भूत उडून थडग्यात गेलं," ती म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. लुआने तिला धरून खुर्चीवर बसवलं. मग लुआही हसू लागली, सेनही हसली, आणि शेवटी गाल पुसता पुसता क्वेनलाही हसू आवरेना.

थोड्या वेळाने मा बायने शिक्का मागून घेतला. तिचा हात थरथरे, त्यामुळे तिचे गळ एकेका दिशेला कलत. क्वेन ते वेगळे काढू लागली, तसं लुआने खुणेनेच नको म्हटलं. दुपारभर चौघी तिथेच बसल्या. क्वेन आजीला शाई लावून देत होती आणि म्हातारी तिला वड्यांचा पाक कधी उतरवायचा ते सांगत होती. इतकं ती तिच्याशी वर्षभरात बोलली नव्हती.

सायगावच्या दुकानांत खोकी गेली आणि चांगली खपली. लोक लाल खुणेवरून अंगठा फिरवून बघतात, असं दुकानदारीण म्हणाली. क्वेनने पुढच्या काही महिन्यांत त्या फॉन्टसाठी आमच्या सगळ्या खुणा एकेक करून आखल्या आणि त्या परदेशी माणसाला पाठवल्या. त्याने त्या आनंदाने घेतल्या. तरी पुढच्या खेपेला खोकी तशीच बिनखुणांची छापून आणायचं सासू-सुनेने ठरवलं. चपलेचे शिक्के झिजले की लुआ नवे कोरते.

नव्या वर्षाच्या सणाला मा बायने पलीकडच्या काठावरच्या भाच्याकडे जायचा हट्ट धरला. गुडघे बिघडल्यापासून ती नदी ओलांडून गेली नव्हती. क्वेनने तिला हाताला धरून नदीपार नेणाऱ्या बोटीवर चढवलं. म्हातारीच्या मांडीवर भेटीसाठी साबणाची खोकी होती. तिकीटवाल्या पोरीने एक उचलून वास घेतला आणि नाव वाचलं, रेघेसकट, गळासकट. ही मा बाय कोण, तिने विचारलं.

"मीच ती," म्हातारी म्हणाली. "पण खरं सांगू? लेक यात गवती चहा घालताना हात आखडता घेते."